घरात मुलांचे फोटो : फ्लॅशगन कॅमेऱ्यावरून खाली उतरवा

प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आल्यापासून लहान गावांतील फोटो स्टुडिओचा धंदा मंदावला, हे आपण सर्वजण पाहतो आहोत. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, नळदुर्ग कुठेही जा, स्टुडिओवाल्याची एकच तक्रार असते की लोक आता स्वतःच फोटो काढतात. तक्रार खरी आहे. पण मोबाईलला जे जमत नाही असे एखादे काम शिल्लक आहे काय, याचा विचार फार थोडे जण करतात. असे एक काम आहे. घरातल्या अपुऱ्या उजेडात, एका जागी न बसणाऱ्या लहान मुलाचा नितळ आणि स्पष्ट फोटो काढणे, हे ते काम होय.

मी कापडाचा व्यापारी आहे. फोटोग्राफी हा माझा पेशा नव्हे. परंतु लहान मुलांचे कपडे विकणाऱ्याला आज कपड्याचा फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवावाच लागतो, आणि त्या निमित्ताने हा हुनर शिकावा लागला. शिकताना लक्षात आले की यात जादू काहीच नाही, सगळा हिशेब आहे. तो हिशेब आपल्या स्टुडिओवाल्या बांधवांना, शिंपीकाम करणाऱ्यांना, रेडिमेड दुकानदारांना आणि काम शोधणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडावा म्हणून येथे मांडतो.

समोरचा प्रकाश चेहरा का बिघडवतो

मोबाईलमागे जो दिवा असतो तो खरा फ्लॅश नसून लहानसा एलईडी दिवा असतो. त्याची ताकद कमी असते. खोलीत उजेड कमी पडला की मोबाईल शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. तेवढ्यात मूल हलते आणि फोटो पुसट येतो.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या फ्लॅशगनमध्ये ताकद भरपूर असते, पण तिचा दोष वेगळा आहे. प्रकाश जेथून जातो तेथूनच कॅमेरा पाहत असतो. चेहऱ्यावर सावली पडते ती नाकामागे आणि कानामागे लपते, कॅमेऱ्याला दिसत नाही. सावली नसली की उंचसखलपणा दिसत नाही. गाल, नाक, कपाळ सगळे एका पातळीवर येते आणि चेहरा थाळीसारखा सपाट वाटतो. मागच्या भिंतीवर मात्र काळी कडक सावली उमटते. अंधारात बाहुली मोठी झालेली असते. तिच्यातून प्रकाश थेट आत जातो आणि डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन परत येतो. फोटोत डोळे लाल दिसतात ते यामुळेच.

इलाज एकच. फ्लॅशगन कॅमेऱ्यावरून काढावी आणि बाजूला नेऊन ठेवावी. लाल डोळे, सपाट चेहरा आणि पाठीमागची काळी सावली हे तिन्ही दोष यातून बहुतांशी जातात.

दाराशी नेलेले कापड

कापडाच्या धंद्यात हे तत्त्व आपण रोज वापरतो. जाणते गिऱ्हाईक दुकानातल्या ट्यूबलाईटखाली कापड पसंत करीत नाही, ठाण घेऊन दाराशी जाते. दारातून उजेड एका बाजूने येतो. त्यात विणकर, पोत, चुणी आणि खरा रंग दिसतो. वरून किंवा समोरून पडलेल्या उजेडात खडबडीत खादीसुद्धा गुळगुळीत भासते.

मुलाच्या चेहऱ्याचेही तसेच आहे. उजेड एका बाजूने, मुलाच्या समोरच्या रेषेपासून साधारण ४५ अंश सरकून आणि डोक्यापेक्षा थोडा वरून आला की गालाची गोलाई दिसते, नाकाची हलकी सावली पडते आणि दोन्ही डोळ्यांत प्रकाशाचा एकेक ठिपका चमकतो. तो ठिपका नसेल तर डोळे निर्जीव वाटतात. फ्लॅशगन बाजूला ठेवणे म्हणजे जेथे दार नाही तेथे दार तयार करणे होय.

लहान दिवा मोठा करा

फ्लॅशगनचे तोंड आगपेटीपेक्षा थोडे मोठे असते. एवढ्या लहान तोंडातून आलेला प्रकाश कडक असतो आणि सावलीची कड सुरीसारखी पडते. प्रकाश मऊ हवा असेल तर त्याचे तोंड मोठे करावे लागते. त्यासाठी बाजारात पांढरी छत्री मिळते. फ्लॅश छत्रीतून आरपार सोडला की सगळी छत्रीच दिवा बनते.

छत्री नसेल तर कापड आहे. लाकडी चौकटीवर पांढरी मलमल किंवा पातळ मांजरपाट ताणून बसवा आणि फ्लॅश तिच्यामागे दोन-अडीच फुटांवर ठेवा. यात एक गोष्ट आपल्या धंद्यातील लोकांनाच चटकन समजेल. टिनोपालसारखी पांढरेपणा वाढवणारी रसायने लावलेले कापड यासाठी घेऊ नये. फ्लॅशच्या प्रकाशात काही अतिनील किरण असतात. ही रसायने ते शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, आणि चेहऱ्यावर निळी झाक येते. साधे, धुतलेले, चमक नसलेले सुती कापड उत्तम. नवा पांढराशुभ्र टेरिकॉट सदरा कधीकधी फोटोत निळसर दिसतो, त्याचे कारणही बहुधा हेच असते.

काळी मखमल याच्या उलट काम करते. ती प्रकाश गिळते. म्हणून पाठीमागे पडदा म्हणून ती चांगली. जरी, चमकी, टिकल्या आणि सॅटिन मात्र आरशासारखे वागतात. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. जरीवर पांढरा डाग पडत असेल तर फ्लॅशची ताकद कमी करून उपयोग नाही, फ्लॅश एक-दोन हात बाजूला सरकवावा.

आपल्या घरांचा विचार

फ्लॅशचे तोंड भिंतीकडे किंवा छताकडे वळवले तर ती भिंतच मोठा दिवा बनते. कोणताही खर्च नाही. परंतु पुस्तकात लिहिलेले पांढरे छत आपल्याकडे प्रत्येक घरात नसते.

जुन्या दगडी घरांना माळवद असते. लाकडी सर, वर माती, खाली काळपट झालेल्या फळ्या, आणि खिडकी असली तर हातभर. असे छत प्रकाश परत देत नाही. तेथे छताकडे फ्लॅश मारणे म्हणजे सेल वाया घालवणे. पत्र्याच्या छताने प्रकाश परत येतो, पण पन्हाळीमुळे पट्ट्यापट्ट्यांनी येतो. सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर चुना किंवा पांढरा रंग असेल तर काम सोपे. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा आणि उमरगा भागात पुनर्वसनाची जी नवी घरे उभी राहिली, त्यांत माळवद नाही, पण खोल्या लहान आहेत. तेथे भिंतीवर फेकलेला प्रकाश लवकर पसरतो आणि थोडी ताकदही पुरते.

भिंतीच्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या कितीतरी घरांत पोपटी, हिरवा किंवा गडद निळा ऑइलपेंट असतो. अशा भिंतीवर आपटून आलेला प्रकाश तो रंग घेऊनच येतो. हिरव्या भिंतीवरून आलेल्या प्रकाशात गोरेगोमटे मूलही आजारी दिसते. उपाय सोपा आहे. दोन खिळ्यांना दोरी बांधून पांढरी चादर टाकावी आणि फ्लॅश चादरीवर मारावा. घरात पांढरी चादर नसेल असे समजून स्वतःची एक चादर पिशवीत ठेवावी.

अंतराचा हिशेब

एक वार अंतरावर ठेवलेल्या फ्लॅशचा प्रकाश समजा एक चौरस वार कापड भिजवतो. तेच कापड दोन वार अंतरावर नेले तर तेवढाच प्रकाश चार चौरस वारांवर पसरतो. रंग तेवढाच, कापड चौपट, म्हणून झाक चौथा हिस्सा. तीन वारांवर नववा हिस्सा. अंतर दुप्पट तर प्रकाश पाव, हा नियम पाठ करावा.

याचा पहिला उपयोग पसाऱ्यासाठी. मूल फ्लॅशपासून एका वारावर आणि मागची भिंत तीन वारांवर असेल तर भिंतीवर नववा हिस्साच प्रकाश पडेल. मागचे कपाट, गाद्यांचा ढीग, वायरी अंधारात जातील. भिंत दिसायला हवी असेल तर मुलाला भिंतीजवळ बसवावे.

दुसरा उपयोग चंचल मुलासाठी. फ्लॅश एका वारावर असताना मूल अर्धा वार पुढे सरकले तर प्रकाश एकदम चौपट होतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. फ्लॅश दोन वारांवर असताना तेच मूल अर्धा वार पुढे आले तर प्रकाश दुपटीपेक्षाही कमी वाढतो. म्हणून रांगणाऱ्या मुलासाठी दिवा लांब ठेवावा. लांब नेला की तो पुन्हा लहान आणि कडक होतो, तेव्हा कापड मोठे घ्यावे किंवा भिंतीचा उपयोग करावा.

रुपया, आणा, पैसा

फ्लॅशगनवर ताकदीचे आकडे असतात : १/१, १/२, १/४, १/८, १/१६ आणि पुढे. नवशिके हे पाहून घाबरतात. जुन्या लोकांना ते एका मिनिटात समजेल. पूर्ण ताकद म्हणजे रुपया, १/२ म्हणजे आठ आणे, १/४ म्हणजे चार आणे, १/८ म्हणजे दोन आणे, १/१६ म्हणजे एक आणा. १/६४ म्हणजे जुना एक पैसा आणि १/१२८ म्हणजे धेला.

जो एका आण्यात भागवतो तो फायद्यात राहतो. सेल जास्त काळ चालतात आणि पुढच्या फोटोसाठी फ्लॅश लगेच तयार होतो. शिवाय कमी ताकदीवर फ्लॅशची लखलख फार थोडा वेळ टिकते. पूर्ण ताकदीला साधारण १/३०० सेकंद, तर सर्वात कमी ताकदीला काही फ्लॅशगनमध्ये १/२०,००० सेकंद. उडी मारणारे मूल हवेत थांबल्यासारखे दिसते ते यामुळे.

कॅमेऱ्यात दोन नळ आहेत असे समजावे. शटर हा खोलीच्या उजेडाचा नळ आणि ॲपर्चर हा फ्लॅशच्या प्रकाशाचा नळ. फ्लॅश क्षणात संपतो, म्हणून शटर किती वेळ उघडे आहे याचा त्याच्यावर फरक पडत नाही. खोलीचा उजेड मात्र शटर उघडे असेपर्यंत येत राहतो. ॲपर्चर आणि आयएसओ बदलले तर दोन्हींवर परिणाम होतो. बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १/२०० सेकंदाच्या आसपासपेक्षा वेगवान ठेवले तर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो, कारण शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडलेले नसतात.

हे सर्व मॅन्युअलवर ठेवण्याचे कारणही सांगतो. कॅमेऱ्याचे मीटर प्रत्येक वस्तूला मध्यम करड्या रंगाची समजते. आपली काळी उस्मानाबादी शेळी त्याला करडी दिसते आणि ईदचा पांढरा कुर्ताही करडा दिसतो. हिशेब आपण स्वतः केला की पांढरे पांढरे राहते.

पहिला सराव मडक्यावर

मुलावर सराव करू नये. मूल कंटाळते आणि आपणही गोंधळतो. पाण्याचे मातीचे मडके स्टुलावर ठेवावे. ते गोल असते, चमकत नाही आणि गालासारखी सावली दाखवते.

१) फ्लॅश बंद. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६०, ॲपर्चर ५.६, आयएसओ ४००. एक फोटो काढा. घरात तो जवळजवळ काळा यायला हवा. याचा अर्थ खोलीचा उजेड बाजूला झाला.

२) फ्लॅश स्टँडवर, मडक्याच्या एका बाजूला, ४५ अंशावर, थोडा उंच. मध्ये छत्री किंवा कापड. ताकद एक आणा.

३) फोटो काढा. काळपट आला तर दोन आणे करा, पांढरा आला तर अर्धा आणा.

४) मडक्याची दुसरी बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. दुसरा फ्लॅश घेण्याची घाई नको.

५) मागची खोली थोडी दिसायला हवी असेल तर शटर १/६० करा. येथे एक सावधगिरी. खोलीतील दिवा पिवळा आणि फ्लॅश पांढरा असेल तर मागचा भाग पिवळा येईल. नको असेल तर दिवा बंद करा.

प्रत्येक फोटोचे आकडे वहीत लिहावेत. आठ-दहा दिवसांत हात बसतो. मग मुलाकडे वळावे.

खरेदी करताना

कॅमेरा नवाच हवा असे नाही. जुना चालू डीएसएलआर पुरेसा आहे, फक्त त्यावर फ्लॅश बसवण्याची खाच हवी. त्या खाचेच्या मध्यभागी धातूचा मोठा ठिपका असतो. स्वस्तातला ट्रिगर त्याच ठिपक्यावर चालतो. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या मॉडेलांत हा मधला ठिपका ठेवलेला नाही, म्हणून साधा ट्रिगर त्यांवर चालत नाही. नियम एकच : आपला कॅमेरा दुकानात न्यावा, ट्रिगर लावून फ्लॅश उडवून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.

एक मॅन्युअल फ्लॅशगन, एक ट्रिगर, एक स्टँड, एक छत्री आणि चार्ज होणाऱ्या सेलचे दोन संच, एवढ्यावर काम सुरू होते. गोडॉक्स, डिजिटेक, सिम्पेक्स अशा नावांच्या वस्तू सोलापूर-पुण्याच्या बाजारात मिळतात. महाग फ्लॅशमधील आपोआप ताकद ठरवण्याची सोय घरच्या कामाला आवश्यक नाही. स्टुडिओच्या कपाटात पडलेली फिल्मच्या काळातील फ्लॅशगन डिजिटल कॅमेऱ्यावर थेट लावू नये. त्यांपैकी काहींच्या टोकाला दोन-अडीचशे व्होल्ट येतात आणि कॅमेरा जळतो. फ्लॅशगन उघडून दुरुस्त करण्याचा प्रयत्नही करू नये. सेल काढल्यावरही आतील कपॅसिटर जोराचा धक्का देऊ शकतो.

मूल, आई आणि घर

घरात जाऊन काम करणे म्हणजे दुसऱ्याच्या उंबऱ्याची जबाबदारी घेणे. स्टँडच्या पायाला पाच किलो वाळूची पिशवी बांधावी, म्हणजे मुलाने ओढला तरी तो पडणार नाही. वायर जमिनीवर सोडू नये. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांजवळ थेट फ्लॅश उडवू नये. भिंतीवरून किंवा कापडातून आलेला सौम्य प्रकाश पुरतो. मूल दचकले तर थांबावे. मुलाला फिट येतात काय, हे आधी विचारावे आणि येत असतील तर फ्लॅश न वापरता खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा.

आणखी एक गोष्ट प्रत्येक फोटोवाल्याला माहीत असलीच पाहिजे. समोरून मारलेल्या फ्लॅशच्या फोटोंत मुलाचा एक डोळा लाल आणि दुसरा वारंवार पांढरा चमकत असेल, तर आईवडिलांना शांतपणे सांगावे की डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. दरवेळी रोगच असतो असे नाही, कधी नुसत्या कोनामुळेही तसे दिसते. परंतु मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग याची ती पहिली खूण असू शकते. तो कर्करोग मुख्यतः पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो आणि वेळेवर कळला तर जीव वाचतो. असा फोटो संगणकावर काळा करून 'दुरुस्त' करणे हा मुलावर अन्याय होय.

आपल्या मुलींनी हे काम शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील बायका अनोळखी पुरुषापुढे मोकळ्या होत नाहीत आणि आई अवघडली की मूलही अवघडते. हा विचार नवा नाही. १९४८ पर्यंत आपला जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत राजा दीनदयाल यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तो चालवण्यासाठी एका इंग्रज बाईंची नेमणूक केली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या बाजारपेठेची गरज त्यांनी ओळखली, ती गरज आजही आपल्या मोहल्ल्यांत आहे. ज्या घरात फोटो काढणे पसंत नसेल तेथे आग्रह धरू नये.

मुलाचा फोटो ही त्या घराची अमानत आहे. लेखी परवानगीशिवाय तो स्टेटसवर, दुकानाच्या पाटीवर किंवा कपड्यांच्या जाहिरातीत वापरू नये.

भाव कसा ठरवावा

पुष्कळ कारागीर येथेच मार खातात. शेजारी काय घेतो ते पाहून भाव सांगतात. समजा, कॅमेरा सोडून साहित्याला बारा हजार रुपये लागले आणि ते शंभर घरांच्या कामात वसूल करायचे आहेत. म्हणजे प्रत्येक घरामागे १२० रुपये साहित्याचे झाले. त्यात जाण्यायेण्याचे पेट्रोल, छपाई, फोटो निवडून नीट करण्याचे दोन तास, घरातले दोन तास आणि कॅमेऱ्याची झीज मिळवा. त्यावर आपला नफा. हा आकडा लिहून ठेवावा आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगावा : किती फोटो, किती छापील, किती दिवसांत. नंतर वाद होत नाही.

छापील फोटो अवश्य द्यावा. मोबाईल हरवतो, बिघडतो, बदलतो. भिंतीवरची चौकट राहते आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा तो फोटो कोणी काढला हे विचारतो.

कामे कोणती? अकिका, बिस्मिल्लाह, बारसे, जावळ, पहिला वाढदिवस, ईद आणि दिवाळीचे नवे कपडे. रेडिमेड दुकानदारांसाठी कपड्यांचे फोटो हे वेगळे काम आहे. तेथे खरा रंग दाखवणाऱ्याला किंमत आहे, कारण रंग वेगळा निघाला की माल परत येतो. दुकानदाराने एका हंगामाचे काम ठरवून दिले तर साहित्याचा बराच खर्च तेथेच निघू शकतो.

शिकण्याची सुरुवात सणाच्या दोन महिने आधी करावी. सणाच्या आठवड्यात गिऱ्हाईक दाराशी असते, तेव्हा शिकायला वेळ मिळत नाही. आणि पहिल्या दिवशी छत्रीसुद्धा विकत घेऊ नये. एक फ्लॅश, एक पांढरी चादर आणि एक मडके एवढ्यावर हात बसल्यावरच पुढचा रुपया खर्च करावा.